मॅग्नेशियम : अन्नातले आणि गोळीतले

अस्थी, स्नायू व मज्जातंतू यांच्या कार्यास मॅग्नेशियम आवश्यक असते. अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९९७ साली ठरविलेल्या प्रमाणानुसार तिशी ओलांडलेल्या पुरुषास दररोज ४२० व स्त्रीस ३२० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते. प्रौढांसाठी कमाल मर्यादा मात्र त्यांनी ३५० मिलिग्रॅमच ठेवली. यात विसंगती नाही. ही मर्यादा केवळ गोळ्या-औषधांतील मॅग्नेशियमला लागू आहे.

बाजरी, डाळी, शेंगदाणे, पालेभाज्या यांतून आलेले जादा मॅग्नेशियम निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. गोळ्यांचा अतिरेक झाल्यास प्रथम जुलाब होतात. मूत्रपिंडे दुबळी असतील, तर काही आम्लपित्तनाशके व रेचके यांतील मॅग्नेशियम रक्तात साचून हृदयासही धोका पोहोचू शकतो. अशा रुग्णांनी ती वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत. हे गावोगावी, शाळाशाळांतून सांगितले गेले पाहिजे.