आजाऱ्याची सुटी

१८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी वर चढूं लागली आणि सुमारें दोन हजार फूट उंचीवरचें लोणावळें मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना हवापालटासाठीं जवळचें झालें. "हवा लागली कीं बरें वाटेल" ही समजूत जुनीच. पण ती सर्वस्वीं खरी नव्हे. आषाढ-श्रावणांत येथील हवा इतकी दमट असते, कीं दम्याच्या रोग्याला ती बहुधा बाधतेच.

तरीहि सुटी ठरलेली असते, मुलें दिवस मोजीत असतात, आणि नेमका निघायच्या सकाळीं गृहिणीला ताप भरतो. आपल्या घरांतली स्त्री अशा वेळीं तोंड मिटून निघते. कार्ल्याच्या पायऱ्या चढते, एकवीरेची ओटी भरते, बिऱ्हाडीं परतून स्वयंपाकाला लागते. मग रात्रीं साऱ्यांचीच धांवपळ! तिनें पहिल्याच दिवशीं स्पष्ट सांगावें, आणि घरच्यांनीं तो रुसवा न समजतां ऐकावें. तापांत चढण चढल्यानें हृदयावर विनाकारण ताण पडतो.

इतरांनीं खुशाल भाजें पाहून यावें. दोन हजारांहून अधिक वर्षें उभीं असलेलीं लेणीं तिच्यासाठीं पुढच्या सुटीपर्यंत थांबतील. एकानें मात्र मागें राहावें, आणि ती दर वेळीं थोरली मुलगीच असावी असें नाहीं. कर्त्या पुरुषालाहि पेज शिजवितां येते.