बर्लिनची रात्र आणि परदेशी विद्यार्थी
(विद्यार्थ्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला घरची मंडळी गरम कपडे देतात, मेतकूट देतात आणि वर बजावतात, "रात्री-बेरात्री हिंडू नकोस." तिकडची रात्र म्हणजे दारू, नाच आणि स्वैराचार, ही पांढरपेशा घरांची पक्की समजूत. वस्तुतः त्या मुलाला जुळवून घ्यावे लागते ते मोहाशी कमी आणि घड्याळाशी, घरभाड्याशी व मजुरीशी अधिक.

बर्लिनचे उदाहरण घ्यावे. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे 49 हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत हा गट सर्वांत मोठा. या शहराची रात्र राजकारणाने घडवली आहे. महायुद्धानंतर दुभंगलेल्या बर्लिनचे पूर्व व पश्चिम विभाग गिऱ्हाईक ओढण्यासाठी मद्यालये बंद करण्याची वेळ चढाओढीने पुढे ढकलीत होते. 1949 साली हाइन्त्स त्सेलरमायर या हॉटेलचालकाने अमेरिकी सेनाधिकाऱ्याला गळ घातली आणि पश्चिम बर्लिनमध्ये ती वेळच रद्द झाली. त्याच वर्षी मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला. त्यातील परवान्याची अट महाराष्ट्रात कागदावर अजून आहे! 1989 साली भिंत कोसळल्यावर पूर्वेकडील ओस कारखान्यांत आणि तळघरांत तरुणांचे टेक्नो संगीत घुमू लागले. 'त्रेझोर' हा क्लब 1991 साली एका जुन्या दुकानाच्या तिजोरीघरात निघाला. 2024 साली जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत घेतले. तमाशाला आधी नाके मुरडून मागाहून पुरस्कार देणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये.

नवागताची फजिती मात्र खरी. तो आठ वाजता तयार होऊन बसतो, आणि क्लब मध्यरात्रीनंतर भरू लागतो. दारावरचा माणूस कारण न सांगता परत पाठवतो. उलट राहत्या घरी रात्री दहानंतर आवाज केलेला शेजाऱ्यांना खपत नाही आणि रविवारी दुकाने बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणावी लागते. इकडे वसतिगृहाचे दार ठरल्या वेळी बंद होण्याची सवय झालेल्या मुलीला तेथील रात्र निराळी दिसते. शुक्रवारी व शनिवारी भुयारी रेल्वे रात्रभर धावते, इतर दिवशी रात्रीच्या बसगाड्या असतात. एकटीने उशिरा घरी परतणे हा तिच्या लेखी चैनीचा नव्हे, नागरिकत्वाचा अनुभव असतो. मात्र त्याच डब्यात मद्यधुंद टोळके चढले की सावळ्या कातडीच्या माणसाला अंग चोरून बसावेसे वाटते, हेही लपवण्याचे कारण नाही.

आणखी एक रात्र आहे, तिची छायाचित्रे कोणी घरी पाठवीत नाही. सप्टेंबर 2024 पासून व्हिसासाठी वर्षाला 11,904 युरो खात्यात दाखवावे लागतात. अनेक घरांत हा पैसा कर्जाचा असतो. वर्षात 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करण्याची मुभा असते. मग शनिवारी रात्री शहर नाचत असताना हा विद्यार्थी सायकलवरून लोकांचे जेवण पोचवतो किंवा हॉटेलात भांडी घासतो. नियमित रात्रपाळी करणाऱ्याला जादा मजुरी किंवा भरपगारी रजा द्यावी, असे जर्मन कायदा सांगतो. पण कायदा ठाऊक नसलेला मुलगा ती मागणार कशी?

ज्यांनी मागितले त्यांची हकीकत ध्यानात घ्यावी. 'गोरिलाज' या घरपोच किराणा पुरवणाऱ्या कंपनीच्या सायकलस्वारांनी 2021 साली बर्लिनमध्ये संप केले. त्यांत व्हिसावर आलेले परदेशी तरुण पुष्कळ होते. अधिकृत संघटनेविना केलेल्या संपाला तेथे कायद्याचे संरक्षण नाही. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. तरीही त्याच नोव्हेंबरात त्यांनी आपली कामगार परिषद निवडून आणली. पुढे ती कंपनी विकली गेली, आणि खरेदीदारानेही 2024 साली जर्मनीतून गाशा गुंडाळला.

बर्लिनमध्ये परदेशी कामगारांना हक्कांविषयी मोफत सल्ला देणारी केंद्रे आहेत. त्यांचे पत्ते निघण्यापूर्वीच मुलामुलींच्या हाती पडतील, एवढी व्यवस्था इथल्या विद्यार्थी संघटनांनी करायला हरकत नाही.