लोहाला सांडवा नाही

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

भोकरदन तालुक्यातलं धावडा घ्या, नाहीतर मराठवाड्यातलं दुसरं कोणतंही गाव. घरात गरोदर सून असली की कोनाड्यात लाल गोळ्यांची पाकिटं दिसतात. या लोहाच्या गोळ्या. अंगात रक्त कमी पडू नये म्हणून त्या रोज एक, अशा १८० दिवस घ्यायच्या असतात आणि त्या घ्यायलाच हव्यात. पण आज मला लोहाची दुसरी बाजू सांगायची आहे.

आपल्या शरीरात सारं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि ती मेली की तिच्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं. म्हणून एरवी अन्नातून रोज १ ते २ मिलिग्रॅम मिळालं तरी भागतं. जादा झालेलं लोह बाहेर टाकण्याची सोय मात्र शरीराकडे नाही. तलाव आहे, सांडवा नाही! सगळी भिस्त येणाऱ्या पाण्यावर. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन इथे पाटकऱ्याचं काम करतं. साठा वाढला की ते आतड्यातली वाट बंद करतं, घटला की मोकळी होऊ देतं.

थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं. दर पिशवीतलं सुमारे २०० मिलिग्रॅम लोह या पाटकऱ्याला चुकवून थेट शिरेत जातं आणि हृदयात, यकृतात साठतं. ते औषधानं बाहेर काढावं लागतं.

दुसरा धोका घरातलाच. लाल गोळी लेकरांना गोड खाऊ वाटते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. दहा किलोच्या बाळानं अशा दहा गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेततं. एवढं लोह आतड्याचं अस्तरच जाळतं. मग पाटकरी काय करणार? आधी उलट्या, जुलाब, कधी रक्तही. पुढे काही तास मूल शांत होतं. घरचे म्हणतात, उतार पडला. इथेच घात होतो, कारण विष तेव्हा यकृतापर्यंत पोचत असतं.

म्हणून गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी थांबू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. रिकामं पाकीट सोबत घ्या आणि तडक दवाखाना गाठा. यावर डेस्फेरिऑक्झामिन नावाचं इंजेक्शन आहे, पण वेळ महत्त्वाची.

तेव्हा सूनबाईची गोळी चुकवू नका. फक्त पाकीट कोनाड्यातून काढून कुलपात ठेवा.