दोन औषधांची जोड



ज्या खमिराने नानचे पीठ फुगते, त्याच्याच जातकुळीतील काही सूक्ष्म बुरश्या माणसाला रोग करतात. धडधाकट माणसाला त्यांचा उपद्रव बेताचाच. परंतु मधुमेही, एड्सग्रस्त किंवा अतिदक्षता विभागात दीर्घकाळ पडलेला रोगी यांच्या रक्तात वा मेंदूच्या आवरणात त्या शिरल्या, म्हणजे प्राणांवर बेतते.

या बुरश्यांवरील औषधांत आपल्या भागाचाही वाटा आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. तेथे डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतील जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळविले. अँफोटेरिसिन हे प्रख्यात औषध त्याच कुळातले.

मग एकच औषध का पुरत नाही? कोट्यवधी जंतूंत एखादा त्या औषधाला दाद न देणारा निघतो. बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. क्षयावर अनेक औषधे एकत्र देतात ती याचसाठी.

मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या क्रिप्टोकॉकस या बुरशीवर ही युक्ती सिद्ध झाली आहे. अँफोटेरिसिन बुरशीच्या आवरणाला भोके पाडते. फ्लुसायटोसिन आत जाऊन तिची वाढ खुंटविते. फ्लुसायटोसिन एकटे दिले, तर बुरशी लवकरच त्याला जुमानत नाही. म्हणून ते जोडीनेच देतात. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एड्सच्या रोग्यांसाठी सुधारित अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि त्यासोबत चौदा दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल, अशी पद्धत सुचविली. अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला जाचते. डोस कमी झाले की तो जाचही कमी होतो.

परंतु प्रत्येक बुरशीला जोड लागतेच असे नाही. २००९ साली जपानात प्रथम नोंदलेली व पुढे भारतातील रुग्णालयांतही आढळलेली कँडिडा ऑरिस बहुधा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही. तिच्यावर सामान्यतः निराळ्या वर्गाचे एकच औषध आधी देतात. जोडीचा विचार बिकट प्रसंगी होतो. कोणते औषध चालेल, हे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहिल्यावरच नीट कळते.

दुकानातून परस्पर आणलेले मिश्र मलम म्हणजे ही जोड नव्हे. पुष्कळशा मलमांत स्टेरॉइड असते. खाज दबते, बुरशी मात्र राहते. आपल्या आयाबहिणी संकोचाने अंगावर दुखणे काढतात आणि वारंवार त्याच गोळ्या मागवितात. दुखणे उलटले, तर तपासणी करून घ्यावी, साखर आटोक्यात ठेवावी आणि औषधाचा क्रम अर्ध्यावर सोडू नये.

विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे. गरीब रोग्याला औषधासाठी मदत देताना तपासणीच्या खर्चालाही आपण हातभार लावावा. निदान चुकले, तर औषधावर घातलेला पैसा पाण्यात जातो आणि कधी माणूसही हातचा जातो.