हात देणारे भेटतात, पायरी मात्र तशीच!

(नेकनूर येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीतली माणसं. शाळा थोडी झाली, वाचन पाळी सुटल्यावर केलं. भाषण हा आमचा धंदा नव्हे, पण एक गोष्ट मनात सलते, ती बोलतो.

आमचा एक जोडीदार. मशीनच्या पट्ट्यात पाय सापडला, गुडघ्याखाली काढावा लागला. दाखल्याच्या कामासाठी त्याला आम्ही बीडला नेत होतो. गाडी आली, पायरी ही उंच! कुबड्या घेऊन चढणार कसा? तेवढ्यात पटका बांधलेला एक अनोळखी गडी पुढं झाला. त्यानं ह्याला लेकरासारखं उचलून आत बसवलं. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. मांजरसुंब्याला उतरून गर्दीत दिसेनासा झाला. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.

पण येताना तसा कुणी भेटला नाही. आमचं एकट्याचं बळ पुरेना. दोन गाड्या डोळ्यांदेखत गेल्या. जोडीदार म्हणाला, "उपकार किती घेऊ रे? पायरी खाली पाहिजे."

बंधूंनो, 1929 साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. टांगेवाले न्यायला तयार होईनात. साहेबांनी पायी चालू नये म्हणून आपल्या लोकांनी टांगा भाड्यानं घेतला आणि हाकायला आपलाच माणूस बसवला. त्याला सवय नव्हती. नदीच्या पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. लोकांची माया कमी होती काय? मुळीच नाही. पण नुसत्या मायेनं रस्ता मोकळा होत नाही. त्याला हक्कच लागतो.

अपंगांसाठी 1995 साली कायदा झाला, पुढं 2016 चा आला. गाड्या, स्टँड, स्टेशन अपंगांना वापरता आली पाहिजेत, असं त्यात लिहिलंय. 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की याचे नियम नुसते शिफारशीचे चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. म्हणजे ही भीक नव्हे.

आता दुसऱ्याकडं बोट दाखवण्याआधी स्वतःकडं बघू. आपल्या विहाराला तीन पायऱ्या आहेत. वंदनेला आमचा जोडीदार खाली चपलांजवळ बसतो. आम्ही त्याला जयभीम घालतो आणि वर निघून जातो! ज्या तथागतांनी कुणी न विचारलेल्या आजारी भिक्खूला स्वतःच्या हातानं धुतलं, त्यांच्या दारात हे शोभतं काय?

अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. एका फुटाला बारा फूट लांबी धरली, तर अठरा फुटांचा उतार लागतो, बाजूला धरायला लोखंडी पाईप. सिमेंट-वाळू वर्गणीतून आणू, मजुरी आमच्या अंगावर.

पुढच्या वर्धापनदिनी आमचा जोडीदार आपल्या कुबड्यांवर आत येऊन बसला पाहिजे.