चाळणी आणि निवाडा
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंतील भाषण)



शाळेंत मागें पडणाऱ्या मुलाला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळें होण्याची आपली जुनी खोड आहे. आतां तिच्या जागीं दुसरी येऊं पाहत आहे. ती ही कीं, अर्ध्या तासाची चाचणी घ्यावी आणि त्या कागदावरून मुलाचें भवितव्य ठरवावें. म्हणून अशा चाचण्यांवर विश्वास कितपत ठेवावा, याचा आज विचार करूं.

या शास्त्राचा आरंभ पॅरिस शहरीं झाला. ज्या मुलांना शाळेंत निराळ्या साहाय्याची गरज आहे, तीं ओळखण्याकरितां आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों यांनीं १९०५ सालीं पहिली मोजपट्टी सिद्ध केली. हेतु मदतीचा होता, शिक्का मारण्याचा नव्हता. बुद्धि जन्मतःच कायमची ठरलेली असते, या मताचा बिने यांनीं १९०९ सालीं स्वतःच निषेध केला. पुढें अनेकांना त्याचा विसर पडला.

आतां थोडें गणित करूं. समजा, १००० मुलांपैकीं १०० मुलांना वाचन-लेखनाची खरी अडचण आहे. चाचणी चांगली आहे. या १०० पैकीं ८० मुलें ती ओळखते, आणि अडचण नसलेल्या दर १०० मुलांपैकीं ९० जणांना योग्य रीतीनें वगळते. तरीही २० गरजू मुलें निसटतात, आणि उरलेल्या ९०० पैकीं ९० विनाकारण अडकतात. म्हणजे निवडलेल्या १७० मुलांत खऱ्या अडचणीचीं ८० च; निम्म्याहूनही कमी! यांत चाचणीचा अपराध नाहीं. चाळणीनें चाळावें, निवाडा तिच्याकडे मागूं नये.

भाषेचाही प्रश्न आहे. घरीं सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या मुलाची परीक्षा इंग्रजींत घेतली, तर भाषेची अनोळख हीच अडचण म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें तयार केलेली ‘डाली’ ही कसोटी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. ती इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी व कन्नड या भाषांतही आहे. तींत शिक्षकांनीं करावयाची प्राथमिक चाळणी निराळी आणि तज्ज्ञांची सविस्तर तपासणी निराळी ठेवली आहे. हा भेद आपणही मनांत ठेवावा.

तेव्हां आईबापांनो, चाचणींत मुलाचें नांव आलें तर घाबरूं नका. आधीं त्याचे डोळे व कान तपासून घ्या. मग तज्ज्ञांकडे जा. नांव आलें नाहीं, पण पुस्तक उघडतांच मूल रडकुंडीस येत असेल, तर कागदावर विसंबूं नका. पुन्हां तपासणी करवा. तोंवर रोज त्याला जवळ घेऊन वाचून दाखवा. गरज नसलेल्या मुलाला वाचनाची थोडी जादा मदत मिळाली, तर कांहीं बिघडत नाहीं. परंतु ‘मठ्ठ’ हा शब्द ज्याला विनाकारण चिकटला, त्याला तो सहसा सोडीत नाहीं.