गंजिफा : चित्र आणि खेळ



अमेरिकेत १८८५ सालापासून निघणाऱ्या ‘बायसिकल’ पत्त्यांचे जुने नमुने आज पुन्हा छापले जातात. तो जोड हाती घेऊन कोणीही डाव मांडू शकतो. कारण खेळ चालू आहे.

आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचे दैव निराळे. १९७० च्या सुमारास ही कला जाणणारे वृद्ध पुंडलिक चितारी जवळजवळ एकटेच उरले होते. शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसविले आणि १२० गोल पानांचे जोड पुन्हा रंगू लागले.

परंतु घेणारा ते बहुधा शोभेसाठी घेतो. दिवसा रामाच्या व रात्री कृष्णाच्या रंगाने डाव उघडतो, पाच रंगांत दहाचे पान वरचढ तर उरलेल्या पाचांत एक्का, हे जाणणारी घरे विरळ झाली. चित्र वाचले, खेळ मागे पडला.

महाराष्ट्रापासून दूर, पाटनसारख्या गावी मराठी जपणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. भाषाही वापरानेच टिकते. सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने गंजिफेचा एक जोड आणावा आणि कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्यावा, एवढीच विनंती.